‘नको असेल तर नाही म्हणावं’ हे इतकं सोपं नसतं

“मोकळ्या लोकांच्या मेळाव्यात यायचं तर मोकळेपणानेच यावं. दर वेळी विचारत बसलं तर मजा जाते. ज्याला नको असेल त्याने सरळ नाही म्हणावं.” मेळाव्यात कुणाला हात लावण्याआधी, मिठी मारण्याआधी विचारावं का, यावरचा हा मजकूर सध्या पुष्कळ जण पुढे पाठवत आहेत. यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

मेळाव्याला येणं म्हणजे मेळाव्याला येणं, एवढंच. कॉस्प्ले करणाऱ्यांना, म्हणजे आवडत्या पात्रांसारखा वेश करून येणाऱ्यांना, हे फार सोसून सांगावं लागलं. न्यूयॉर्क कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात २०१४ साली ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ असे फलकच लागले. फोटोसुद्धा विचारून काढा, असं त्यावर बजावलं होतं.

विचारल्याने मजा जाते म्हणणाऱ्यांनी टँगो नाचातली ‘काबेसेओ’ ही जोडीदाराला विचारायची रीत पाहावी. दुरूनच नजरानजर, मानेचा हलका इशारा. नाचायचं नसेल तर नजर वळवायची. कुणाचा पाणउतारा नाही. बीडीएसएमवाल्यांना (बांधणं, हुकूम, वेदना असे लैंगिक खेळ परस्परसंमतीने खेळणाऱ्यांना) तर बाहेरचे लोक बेबंद समजतात, पण काय चालेल आणि काय नाही हे आधी बसून ठरवायची रीत त्यांच्यातच रुजली. थांबवायला सेफवर्ड, म्हणजे आधीच ठरवलेला शब्द, असतो. पुष्कळ ठिकाणी ‘लाल’ म्हणजे लगेच थांब, ‘पिवळा’ म्हणजे जरा सबुरीने.

खरी मेख आहे ‘सरळ नाही म्हणावं’ यात. भीतीने शरीर गोठतं, तोंडातून शब्द फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के जणींनी त्या वेळी शरीर बरंचसं गोठल्याचं सांगितलं. पार्टीतली नकोशी मिठी म्हणजे बलात्कार नव्हे, हे मान्य. पण दचकून गप्प होणं तिथेही घडतं.

आणि गटाचं दडपण वेगळंच. घरी, कामावर कुठेच मनासारखं राहता येत नाही, अशा मुलीची ही एकुलती एक हक्काची जागा असते. हात टाकणारा तिथला जुनाजाणता, पुढच्या वेळी कुणाला बोलवायचं हे ठरवणारा. ‘नाही’ म्हटलं की “तू अजून मोकळी झाली नाहीस” हे ऐकवणारी तिचीच मित्रमंडळी. मग ती हसून वेळ मारून नेते. त्या हसण्याला होकार म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

म्हणून विचारायची जबाबदारी हात पुढे करणाऱ्याचीच. आयोजकांनीही तक्रार कुणाकडे करायची ते दारातच सांगावं, आणि तक्रार त्याच जुन्याजाणत्याविरुद्ध असेल तर ती कोण ऐकणार, तेही.