गोवर निघाला की मूल दणकट होतं?

"गोवर निघू द्या. निसर्गाने दिलेली प्रतिकारशक्ती जन्मभर पुरते, लशीची उसनी असते. गोवर निघालेलं मूल पुढे सगळ्याच आजारांना पुरून उरतं." आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा आला. तिसऱ्यांदा तो सहा महिन्यांच्या बाळाच्या आईने, आमच्या वहिनीनेच, पाठवला. म्हणून हे लिहितेय.

जन्मभर पुरते, हे खरं आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली, त्यानंतर थेट १८४६ मध्ये. पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला तिथे दिसलं की बहुतेक सगळी वस्ती आजारी पडली, पण ६५ वर्षांपूर्वी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही.

"सगळ्याच आजारांना पुरून उरतं" हे मात्र साफ उलटं आहे. आपल्या प्रत्येक बी पेशीवर (जंतूंशी लढणारी एक प्रकारची पांढरी पेशी) जंतूला ओळखून पकडणारे, एकाच साच्याचे रेणू असतात, आणि जंतू येण्याआधीच असे कोट्यवधी वेगवेगळे साचे शरीरात तयार असतात. ज्या पेशीचा साचा आलेल्या जंतूशी जुळतो, तिच्या हजारो प्रती मानेतल्या, काखेतल्या गाठींमध्ये निघतात. आजार सरला की त्यातल्या काही स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. पहिल्या खेपेला आठवडा-दोन आठवडे लागलेलं काम पुढच्या खेपेला दोन-चार दिवसांत उरकतं, ते त्यांच्यामुळे.

गोवराचा विषाणू नेमका या स्मृतिपेशींत शिरतो. त्यांच्यावरचं सीडी१५० हे प्रथिन त्याचं दार. पुरळ मावळतं, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी पुन्हा नॉर्मल दिसतात, पण जुन्या जंतूंना ओळखणाऱ्या कितीतरी पेशी गेलेल्या असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं. त्यांच्या आधीच्या अँटीबॉडींपैकी (बी पेशींपासून रक्तात येणारी, जंतूंना पकडणारी प्रथिनं) ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या! त्या परत मिळवायच्या तर ते ते जंतू पुन्हा अंगावर घ्यावे लागतात. लस घेतलेल्या मुलांत अशी पुसापुशी दिसली नाही.

आणि "उसनी"? लशीतही गोवराचाच विषाणू असतो, जिवंत पण दुबळा केलेला. त्याची आठवण बाळाच्याच पेशी तयार करतात. उसन्या असतात त्या नाळेतून आलेल्या आईच्या अँटीबॉडी; त्या काही महिन्यांत विरतात.

वहिनी, म्हणूनच पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर असतो, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. बाळाच्या लसीकरण कार्डावरची तारीख आजच बघून ठेवा. तोवर ताप आणि पुरळ असलेल्या घरी त्याला नेऊ नका.