पालकांनी वाचन घ्यावं, पण असं

पालकांनी आठवड्यातून एकदा शाळेत येऊन मुलांचं तासभर वाचन घ्यावं, असं एका लेखात सुचवलंय. कल्पना उत्तम, पण सलग तास नको. वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका करा. पहिली-दुसरीतली मुलं त्यापुढे थकतात आणि अंदाजाने काहीही बोलू लागतात.

पुस्तक इयत्ता बघून देऊ नका. साधारण 100 शब्दांचा उतारा मोठ्याने वाचून घ्या. दहाच्या वर चुका झाल्या तर पुस्तक अवघड. पाचच्या आत असतील तर मूल ते एकट्याने वाचेल. सोबत वाचायला मधलं घ्यावं.

खरा घोळ होतो मदत करताना. मूल ‘प्रकाश’पाशी अडलं की मोठी माणसं लगेच शब्द सांगून मोकळी होतात. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. तरीही जमलं नाही तर ‘प्र’ बोटाने झाका, ‘काश’ वाचून घ्या, मग ‘प्र’ जोडायला सांगा. चित्र बघून शब्द ओळखायला मात्र कधीच सांगू नका, ती सवय पुढे सुटता सुटत नाही. आणि अडलेले शब्द तारखेसह मुलाच्या वहीत लिहाच, नाहीतर पुढच्या वेळी येणारे पालक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.