शिंग ओळखण्याची बिनधोक पद्धत

उन्मत्त सत्ता ओळखायची असेल तर बायबलमधल्या भविष्यवाणीइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. फक्त ते वापरायचं कसं, हे नीट शिकून घ्या. पहिला नियम असा की आधी माणूस ठरवा, मग पुस्तक उघडा. आपल्याला राग नक्की कोणाचा येतो हे पक्कं झाल्याशिवाय बायबलमधल्या दानीएल या पुस्तकाच्या सातव्या अध्यायाला हात लावू नका. त्या अध्यायात समुद्रातून चार श्वापदं वर येतात. चौथ्याला लोखंडी दात आणि दहा शिंगं, शिंग म्हणजे एकेक राजा. त्या दहांच्या मधून एक लहान शिंग फुटतं, आधीची तीन मुळासकट उपटतं, आणि या शिंगाला माणसासारखे डोळे असतात, वर मोठमोठ्या बाता मारणारं तोंड. आता आधी हे वाचून मग इकडेतिकडे बघत बसलात, तर बाता मारणारं तोंड कुठेही दिसेल, अगदी आपल्याच व्यासपीठावर, आपणच घातलेल्या हारातून डोकावताना. नसती आफत कशाला ओढवून घ्यायची?

माणूस ठरला की गणिताला बसा. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या तेराव्या अध्यायात तिथल्या श्वापदाचा आकडा दिलेलाच आहे: ६६६. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते, आणि ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे हिब्रूत लिहून बेरीज केली की बरोबर ६६६ भरतात. शेवटचा ‘न’ गाळला तर ५० कमी होतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ असा आकडा सापडतो. म्हणजे लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर कोण होतं याचा पत्ता बराचसा लागलेला आहे. रोम, पहिलं शतक. पण यावर समाधान मानून तुम्ही पुस्तक मिटलंत, तर आजच्या माणसांवर डाफरायला काय उरलं?

म्हणून शहाण्या लोकांनी बेरीज कधी थांबवली नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरने पोपला ख्रिस्तविरोधी, म्हणजे शेवटच्या काळात येणारा ख्रिस्ताचा वैरी, ठरवलं, तर कॅथलिक पंडितांनी ल्यूथरच्याच नावाची अक्षरं ओढूनताणून ६६६ वर आणून बसवली. फिट्टंफाट. रशियातल्या जुन्या पंथाच्या लोकांना पीटर द ग्रेटमध्ये तो दिसला, इंग्रजांना नेपोलियनमध्ये. पुढे मुसोलिनी झाला, आणि गोर्बाचोव्हच्या कपाळावरचा जन्मखुणेचा डाग तर आयताच मिळाला. अमेरिकेचा अध्यक्ष रोनाल्ड विल्सन रेगन, या नावाचे तिन्ही तुकडे इंग्रजीत सहा-सहा अक्षरांचे. अध्यक्षपद संपल्यावर हे कुटुंब लॉस एंजेलिसमध्ये ज्या घरात राहायला गेलं त्याचा क्रमांक निघाला ६६६. तो बदलून ६६८ करून घेण्यात आला. अण्वस्त्रांचा हुकूम आठ वर्षं ज्याच्या हाताशी होता, त्याच्या घरी धास्ती दारावरच्या पाटीची. भविष्यवाणीचा वचक राहावा तर असा.

शिंगं मोजताना मात्र जरा सबुरीने घ्या. युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघात, १९८१ साली ग्रीस आला आणि सदस्य झाले दहा. दहा शिंगं! भविष्य सांगणाऱ्यांच्या घरी दिवाळी. १९८६ साली स्पेन आणि पोर्तुगाल आले, शिंगं झाली बारा. आता सत्तावीस आहेत, आणि मधल्यामध्ये ब्रिटन स्वतःचं शिंग उपटून घेऊन गेलं ते वेगळंच. तारीख तर चुकूनही देऊ नका. दानीएलात ‘२३०० संध्याकाळी आणि सकाळी’ असा एक हिशोब आहे. अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी त्याची वर्षं करून २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्त परत येण्याचा दिवस ठरवला, आणि २३ ऑक्टोबर नेहमीसारखा उजाडला. नाव चुकलं तर पुढचा पुढारी हजर असतोच. तारखेला ती सोय नाही.

पुढचा प्रश्न, संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, कोणता धरावा. याचं उत्तर बायबलमधल्या ‘राजे’ या पहिल्या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात आहे, फक्त तो वाचताना आपली सहानुभूती योग्य माणसाकडे ठेवा. इस्रायलच्या अहाब राजाला अरामी लोकांच्या ताब्यातलं रामोथ-गिलाद हे शहर जिंकायचं होतं. त्याची राजधानी शोमरोन, तिच्या वेशीपाशी, खळ्याच्या मोकळ्या जागेत, अहाब आणि त्याचा साथीदार यहूदाचा राजा असे दोन राजे झगे घालून सिंहासनांवर बसलेले, आणि समोर सुमारे चारशे संदेष्टे. चारशेच्या चारशे म्हणाले, ‘जा, जय तुमचाच.’ त्यांतला सिद्कीया जरा जास्तच हौशी. त्याने लोखंडाची शिंगं करून आणली आणि म्हणाला, या शिंगांनी तुम्ही अरामी लोकांना ढुशा देऊन संपवाल. मीखाया नावाचा एक संदेष्टा तेवढा बोलावलेला नव्हता. का, तर ‘तो माझ्याविषयी कधी चांगलं बोलत नाही, म्हणून मला त्याचा तिटकारा आहे,’ असं खुद्द अहाबच सांगतो. शेवटी त्याला आणायला निरोप्या गेला. या निरोप्याच्या पाया पडावं. सगळे एकमुखाने राजाच्या भल्याचं बोलताहेत, तुमचंही बोलणं त्यांच्यासारखंच असू द्या, असं तो वाटेतच मीखायाला समजावतो. अडीच हजार वर्षांहून जुना मजकूर, पण सभेला जाण्याआधीचा हा फोन कोणाला आलेला नाही?

मीखायाने ऐकलं नाही. सिद्कीयाने त्याच्या थोबाडीत मारली, राजाने त्याला तुरुंगात टाकून मोजकी भाकरी आणि मोजकं पाणी लावून दिलं. मग अहाब वेश पालटून लढाईला गेला आणि कोणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात लागून मेला. पण हा शेवट अपवाद समजा. चारशे विरुद्ध एक हा हिशोब कोणत्याही कार्यालयात चारशेच्याच बाजूने सुटतो. तुमच्या भोवती लोखंडी शिंगं घेऊन नाचणारे असतील तर त्यांना कार्यकर्ते म्हणा. पलीकडच्याच्या भोवती असतील तर मात्र तेच होयबा.

आता खुद्द त्या लहान शिंगाविषयी. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते म्हणजे सिरियाचा ग्रीक राजा अँटिओकस चौथा, ख्रिस्तपूर्व १७५ ते १६४. नाण्यांवर या गृहस्थाने स्वतःला ‘प्रकट झालेला देव’ असं छापून घेतलं होतं. ख्रिस्तपूर्व १६८ मध्ये हा देव इजिप्त जिंकत अलेक्झांड्रियाच्या उंबरठ्यावर पोचला, तेव्हा रोमचा दूत पोपिलियस लेनास त्याला आडवा आला. सोबत फौज नाही, हातात एक छडी. अँटिओकसने मैत्रीचा हात पुढे केला, तर त्याने हातात आधी ‘परत फिर’ असं सांगणारं रोमच्या सिनेटचं पत्र ठेवलं. राजा म्हणाला, सल्लागारांशी बोलून कळवतो. पोपिलियसने त्या छडीने राजाभोवती वाळूत वर्तुळ काढलं आणि म्हणाला, याच्या बाहेर पाय टाकण्याआधी उत्तर हवं. प्रकट झालेला देव क्षणभर उभा राहिला, ‘हो’ म्हणाला, आणि परत फिरला.

पुढच्याच वर्षी, ख्रिस्तपूर्व १६७ मध्ये, त्याने ज्यूंचं यरुशलेमचं मंदिर बाटवलं, वेदीवर झ्यूस या ग्रीक देवाची वेदी चढवली, शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळणाऱ्याला आणि सुंता करणाऱ्याला मरणाची शिक्षा लावली. वर्तुळात निमूट उभं राहून आलेला माणूस घरी आल्यावर दुबळ्यांवर हात टाकतो, ही खूण दानीएलातल्या सगळ्या शिंगांपेक्षा भरवशाची आहे असं माझं आपलं मत. पण तुम्ही ती वापरू नका. तिला आकडेमोड लागत नाही, त्यामुळे रुबाबही येत नाही.

या शिंगाची झळ आपल्या कोकणापर्यंत आली होती, ही गोष्टही लक्षात न ठेवलेलीच बरी. बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते की अँटिओकसच्या छळातून निसटलेल्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. पुढे त्यांनी तेलाचे घाणे धरले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. ख्रिस्तपूर्व १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध झालं, त्या आनंदाचा हनुक्का हा सण यांना ठाऊक नव्हता, कारण पूर्वज त्याआधीच निघाले होते, असं सांगतात. श्वापदाच्या तावडीतून सुटलेल्यांनी इथे येऊन कोणाच्या नावाची बेरीज केली नाही. शनिवार पाळला आणि रविवारी घाणा सुरू केला. असल्या बेचव उदाहरणातून भविष्यवाणीचा अभ्यास कसा पुढे जायचा?

त्यापेक्षा बाबेलकडे, म्हणजे इराकमधल्या प्राचीन बॅबिलोनकडे, या. दानीएलाच्या चौथ्या अध्यायात तिथला राजा नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फेऱ्या मारत म्हणतो, ‘हे थोर बाबेल मीच माझ्या बळाने बांधलं ना?’ वाक्य तोंडातून संपतं न संपतं तोच त्याची बुद्धी जाते आणि तो बैलासारखा गवत खाऊ लागतो. त्याच्या नावाचे शिक्के मारलेल्या विटा आजही सापडतात. त्या बघून सद्दाम हुसेनने १९८० च्या दशकात जुन्या पायावर नव्या भिंती चढवल्या आणि त्यांतल्या विटांवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. असा उघडावाघडा उमेदवार मिळाल्यावर नियम मोडायला हरकत नाही, खुशाल बोट दाखवा. फक्त गोष्ट तिथेच थांबवा. २००३ मध्ये त्याला हटवायला आलेल्या अमेरिकी फौजेने त्याच अवशेषांत तळ ठोकला, हेलिकॉप्टर उतरवायला जमीन सपाट केली, चर खणले, प्राचीन खापरांची माती वाळूच्या पोत्यांत भरली, आणि ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञाला या नुकसानीचा अहवाल लिहावा लागला, हे सांगायला गेलात तर ऐकणारा विचारेल, मग शिंग नक्की कुणाच्या डोक्यावर?

आणि शेवटी संदेष्टा यिर्मया. हा माणूस शक्यतो टाळाच. याच्या पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात थंडीचे दिवस आहेत, यहूदाचा यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला आहे आणि यिर्मयाने सांगून लिहून घेतलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवली जाते आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. ओरडणं नाही, आदळआपट नाही. तिघे दरबारी नको नको म्हणतात, बाकीचे हात शेकत असावेत. सगळी गुंडाळी जळते. यिर्मया दुसरी लिहवतो आणि तिच्यात आणखी मजकूर घालतो.

यात श्वापद कुठे आहे? शिंग कुठे, आकडा कुठे? बाविसाव्या अध्यायात तर हा यिर्मया त्याच राजाला फक्त एवढंच ऐकवतो की तू ऐसपैस घर बांधतोस, हवेशीर माड्या काढतोस, मोठ्या खिडक्या, गंधसरूची तक्तपोशी, वर हिंगुळाचा रंग, आणि ज्यांच्याकडून काम करून घेतलंस त्यांची मजुरी देत नाहीस. तुझं मढं गाढवासारखं ओढून वेशीबाहेर फेकतील. बस्स, संपलं. याला काय भविष्यवाणी म्हणायची? हा तर मजुरांच्या थकबाकीचा तगादा.

तेव्हा ही दोन पानं उलटून थेट दानीएलावर या. कागद-पेन्सिल घ्या, शेजाऱ्याच्या आवडत्या पुढाऱ्याचं नाव वर लिहा आणि अक्षरांखाली आकडे मांडायला लागा. मध्येच दार वाजलं आणि बाहेर रंगारी उभा असला, तर आतूनच सांगा, पुढच्या आठवड्यात ये म्हणून.