खुलासा : गंगेतला हिल्सा मासा ‘नामशेष’ झालेला नाही

‘फरक्का धरणाने गंगेतला हिल्सा कायमचा संपवला, बाजारातला हिल्सा नकली असतो’ असा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो न तपासता पुढे ढकलला होता. चूक माझीच.

यातलं अर्धं खरं आहे. हिल्सा हा हेरिंग या समुद्री माशाच्याच कुळातला. गाबोळी (अंडी) भरलेली मादी समुद्रातून गोड्या पाण्यात चढते. पूर्वी हा मासा गंगेतून अलाहाबादपर्यंत, यमुनेतून तर आग्र्यापर्यंत जायचा. 1975 मध्ये पश्चिम बंगालमधलं फरक्का बराज (मेसेजमधलं धरण) सुरू झालं, वाट अडली आणि वरच्या पट्ट्यातली पकड कोसळली. माशांना वर जाता यावं म्हणून लॉक (दारं असलेला पाण्याचा कप्पा) ठेवलेलं होतं, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

धरणाच्या खाली, पश्चिम बंगालमधल्या हुगळीत आणि बांगलादेशातल्या पद्मा-मेघना नद्यांत हिल्सा आजही आहे. जगातली निम्म्याहून जास्त पकड एकट्या बांगलादेशची. तिथे ऑक्टोबरात अंडी घालण्याच्या काळात 22 दिवस मासेमारी बंद असते. पश्चिम बंगालमध्ये 23 सेंटीमीटरपेक्षा लहान हिल्सा पकडायला बंदी आहे, कारण घट खालीही झालीय आणि तिथे पिल्लं ओढणारी बारीक जाळी, गाळ, प्रदूषणही जबाबदार आहे. सगळं खापर एकट्या धरणावर फोडता येत नाही.

बाजारातला सगळाच हिल्सा ‘नकली’ म्हणण्याला तर आधारच नाही. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.