मन नाही, माल बदललाय!

ऑनलाइन चादर मागवली, विक्रीच्या पानावर ठसठशीत लिहिलेलं, '100 टक्के कॉटन'. हातात आलेली चादर सुळसुळीत, आणि कडेच्या शिवणीतल्या चिमुकल्या पट्टीवर चक्क छापलंय: पॉलिएस्टर. परत करायला गेले तर कारणांच्या यादीत पहिलाच पर्याय, 'मन बदललं'. अहो, माझं मन जागच्या जागी आहे! ते निवडलं की परतीचा कुरिअर खर्च माझ्या माथी. 'वर्णनाप्रमाणे नाही' निवडलं की फोटो पाठवा, अंधुक आहे, पुन्हा पाठवा. वर उपकार केल्यासारखं कूपन! मला माझे पैसे हवेत, तो माझा हक्क आहे, तुमची मेहेरबानी नव्हे. आणि तोवर पानावरचं 'कॉटन' गुपचूप 'कॉटन फील' झालेलं. नशीब, स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.