गाणी ऐंशी वर्षं जुनी, बिल मात्र ताजं

कॉपीराइटचा विषय निघाला की मला नीना पेलीचा 'सीता सिंग्ज द ब्लूज' आठवतो. या अमेरिकन बाईने रामायणातल्या सीतेवरचा हा अख्खा अ‍ॅनिमेशनपट घरच्या कॉम्प्युटरवर जवळपास एकटीने बनवला, २००८ ला बर्लिन फेस्टिव्हलला दाखवला, लोकांनी डोक्यावर घेतला आणि तरी रिलीज करता येईना! कारण सीतेच्या तोंडची गाणी. अ‍ॅनेट हॅनशॉ या गायिकेची, १९२० च्या दशकातली.

गंमत म्हणजे अडचण रेकॉर्डिंगची नव्हतीच, एवढ्या जुन्या रेकॉर्डिंगना तेव्हा अमेरिकेचा फेडरल (म्हणजे देशपातळीवरचा) कॉपीराइट लागूच नव्हता, घोडं अडलं ते चाली आणि शब्दांवर, ज्यांचे हक्क मोठ्या कंपन्यांकडे. आकडा निघाला साधारण २ लाख २० हजार डॉलर. घासाघीस करून ५० हजारांवर आला आणि तेही तिने कर्ज काढून भरले. म्हणजे ज्या आवाजामुळे पिक्चर उभा राहिला त्या हॅनशॉच्या नावाने यातला एक सेंटही नाही, कारण पैसे चाली-शब्दांचे. गायिका तर १९८५ लाच गेली.

आता 'आधीच परवानगी का नाही घेतली' म्हणणारे येतील. अर्धं पटतं मला. फुकट वापरू द्या असं मी म्हणतच नाहीये, गीतकार-संगीतकारांना पैसे मिळालेच पाहिजेत. पण स्टुडिओला जो रेट तोच एकट्या बाईला लावून कसं चालेल? बरं, दुसरी गाणी टाक म्हणावं तर सगळं अ‍ॅनिमेशनच त्या गाण्यांवर बेतलेलं, गाणी काढली की उरतं काय?

आणि कायद्याचा कारभार बघा, २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक टीव्हीवर हाच पिक्चर दाखवता आला, कारण पब्लिक चॅनलना तिथे वेगळी सवलत. पिक्चर तोच, गाणी तीच. शेवटी वैतागून (हा माझा शब्द) तिने क्रिएटिव्ह कॉमन्सखाली (सगळ्यांना वापरायची आधीच मुभा देणारा परवाना) तो इंटरनेटवर मोकळा सोडला, घ्या, बघा, वाटा.

तिकडे इतक्या जुन्या गाण्यांना प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे. १९२९ ची गाणी मोकळी झाली १ जानेवारी २०२५ ला. तोवर थांबायचं होतं का तिने?

माझं म्हणणं एवढंच, लहान पिक्चरकडून कमाईतला टक्का घ्या ना. चालला तर दणकून घ्या, नाही चालला तर कंपनीचं काय गेलं, ती गाणी तशीही कपाटातच पडून होती.