थकबाकी चार वर्षांची

पालकसभेत पहिलीच्या बाकावर मी गुडघे हनुवटीला टेकवून बसलो होतो. समोर मनूने काढलेलं ‘माझं कुटुंब’ हे चित्र. घरात आई, बाबा, आजी आणि खुद्द मनू. दादा घराबाहेर, झाडाला लटकलेला. ‘तो झोका खेळतोय,’ असं मनूचं म्हणणं. झोका काढायचा राहिला, कारण तपकिरी खडू दादानेच मोडला होता. समुपदेशक बाईंनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं, आमच्याकडे त्याहून जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘दोघांना जरा वेगवेगळं काढा. एका मुलाबरोबर एकच पालक. आठवड्यातून एकदा तरी.’’

बायकोने लगेच वहीत लिहून घेतलं. ती बँकेत आहे. तिने लिहून घेतलेलं टळत नाही.

आमच्या घरात वाटणी ही काही साधी गोष्ट नाही. कोकम सरबत ओतताना ओम डोळा ग्लासाच्या काठाशी आणून बघतो, गवंडी ओळंबा धरतो तसा. एकाने भाग करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं, हा माझ्या आईचा जुना कायदा. त्यामुळे ओम चिक्कीला कंपासपेटीतली पट्टी लावून मग सुरी फिरवतो. वडे पाच आले तर दोन-दोन त्यांचे आणि उरलेला एक बाबांचा. विषम आकडा आला की वरचा एक माझ्या नावावर पडतो. माझं वजन असं वाढलंय, पण डॉक्टरांना ते पटत नाही.

त्या घरात बायकोने शुक्रवारी जेवताना वेळेची वाटणी जाहीर केली. या रविवारी मनू बाबांबरोबर, ओम आईबरोबर; पुढच्या रविवारी अदलाबदल.

मनूने घास गालात ठेवला. ‘‘दादा जन्मला तेव्हा मी होते?’’

‘‘नव्हतीस.’’

‘‘मग कधी आले?’’

‘‘चार वर्षांनी.’’

‘‘म्हणजे चार वर्षं तुम्ही दोघं त्याच्या एकट्याचे होतात.’’ तिने चार बोटं वर केली. बोटांना वरण लागलं होतं. ‘‘मग माझी चार वर्षं राहिली.’’

थकबाकी हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण बायकोने तो चेहऱ्यावर आणला. ओमने तातडीने हरकत घेतली. ‘‘मला त्यातलं काहीच आठवत नाही. जे आठवत नाही ते धरायचं नाही.’’

‘‘असं नसतं,’’ बायको म्हणाली. ‘‘खात्यात जमा झालं ते झालं.’’

आतून आईचा आवाज आला, ‘‘त्यातलं पहिलं दीड वर्ष तो नुसता रडत होता. ते वजा कर हो.’’

अडीच वर्षांवर तडजोड होतेय असं वाटत असतानाच पुढचा पेच आला. जायचं कुठे? मनू म्हणाली राणीची बाग. ओम म्हणाला राणीची बाग. मी नेहरू सायन्स सेंटर सुचवलं, कोणी वर बघितलं नाही. एकाने नमतं घ्यावं तर दुसऱ्याला जास्त मिळाल्यासारखं होणार. बायकोने तोडगा काढला : जागा एकच असू दे, वेळ वेगळा. ती आणि ओम पुढच्या गाडीने, मी आणि मनू मागच्या. आत भेट झाली तर ओळख दाखवायची नाही.

म्हणजे रविवारी सकाळी डोंबिवलीच्या एकाच घरातून, एकाच बागेत, एकाच पेंग्विनला भेटायला, वीस मिनिटांच्या अंतराने दोन टोळ्या निघाल्या. पोळीभाजीचे डबेसुद्धा दोन.

गाडीत खिडकी मिळाली. आता मनमोकळ्या गप्पा, म्हणून मी सरसावलो.

‘‘शाळेत कसं चाललंय?’’

‘‘चाललंय.’’

‘‘मैत्रीण कोण तुझी?’’

‘‘आहे एक.’’

मनूने डोकं खाजवलं. विचार करतेय, असं मला वाटलं. ठाणं गेलं, मुलुंड गेलं. विक्रोळीला तिने विचारलं, ‘‘दादा आत्ता कुठे असेल?’’ कुर्ल्याला विचारलं, ‘‘त्याला खिडकी मिळाली असेल?’’ दादरला पुन्हा डोकं खाजवून म्हणाली, ‘‘आई त्याला वेफर घेऊन देईल.’’ भायखळा येईपर्यंत आमच्यात झालेल्या संवादाचा विषय ओम होता. त्याला इतका वेळ मी एरवीही देत नाही.

राणीच्या बागेच्या तिकिटाची गंमत तिथे पोचल्यावर लक्षात आली. आईबाप आणि दोन मुलं असं चौकोनी कुटुंब एकत्र आलं तर शंभर रुपये. सुटं आलं तर मोठ्याला पन्नास, लहानाला पंचवीस. पंचाहत्तर बायकोने भरून ती आत गेली होती, पंचाहत्तर मी भरले. एकत्र राहणाऱ्या कुटुंबाला महापालिका सवलत देते आणि आम्ही बाईंच्या सल्ल्याने पन्नास रुपये वर मोजून फुटलो होतो.

अंतर राखायचं म्हणून आम्ही आधी शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी थांबलो. तिथे घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच. इंग्रजांना तो उचलून विलायतेला न्यायचा होता. उचलताना पडला आणि तुकडे झाले. पुढे ते जोडून १९१४मध्ये इथे उभा केला. मी हे सगळं मनूला रंगवून सांगितलं. तिने हत्तीचे सांधे बारकाईने पाहिले आणि विचारलं, ‘‘हे दादाला माहितीये?’’

‘‘नाही.’’

‘‘मग त्याला तू सांगायचं नाही. मी सांगणार.’’

दिवसभरात तिला मिळालेला हा एकच निर्भेळ आनंद.

पेंग्विनच्या दालनाबाहेर ही रांग. हे पक्षी मूळचे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, २०१६मध्ये दक्षिण कोरियातून मुंबईत आले आणि पुढच्या वर्षापासून मुंबईकर त्यांच्या निमित्ताने गार हवेत उभे राहतात. आत निळा उजेड, काचेपलीकडे पाणी आणि अलीकडे ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणणारा सुरक्षारक्षक. मनूला कडेवर घेतलं. सहा वर्षांची मुलगी कडेवर घेण्याचं वय माझ्या कंबरेने केव्हाच ओलांडलंय, पण आजचा दिवस खास होता. एक पेंग्विन तीरासारखा काचेजवळून गेला. मनूने श्वास रोखला. मीही रोखला. हाच तो क्षण, बाप आणि लेक आणि मध्ये कोणी नाही—

‘‘दादाऽऽऽ!’’

काचेच्या दुसऱ्या टोकाला ओम. वीस मिनिटं आधी येऊन तो हललाच नव्हता. बायकोने ठरल्याप्रमाणे ओळख न दाखवता छताकडे बघायला सुरुवात केली. मीही पाण्यात बघितलं. पण मनू माझ्या अंगावरून खाली घसरली, ओम रांग मोडून उलटा धावत आला, आणि सकाळी टूथपेस्टच्या झाकणावरून एकमेकांना बोचकारलेली ही दोन मुलं कुंभमेळ्यात हरवल्यासारखी भेटली.

‘‘तो बघ, तो ढेरीवाला, तो बाबा आहे,’’ ओम म्हणाला.

‘‘आणि ती ओरडणारी आई,’’ मनू म्हणाली.

सुरक्षारक्षकाने विचारलं, ‘‘मुलं कोणाची आहेत?’’ मी आणि बायको दोघंही एकदम गप्प बसलो. नियम म्हणजे नियम.

पुढे दोन तास ते दोघं पुढे आणि आम्ही दोघं मागे. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मी आणि बायको असे एकटे चाललो होतो. बोलायला काही सुचेना. तिने विचारलं, ‘‘ऑफिसात कसं चाललंय?’’ मी म्हणालो, ‘‘चाललंय.’’ पाणघोड्यापाशी ती म्हणाली, ‘‘ओमने आज किती पाणी प्यायलं असेल?’’

परतीला मेगाब्लॉक. रविवारी मध्य रेल्वेने दुपारी बाहेर पडायचं नसतं हे डोंबिवलीकराला शिकवावं लागत नाही, पण समुपदेशनाच्या भरात विसरलो. जलद गाड्या धिम्या मार्गावरून, धिम्या कुठल्या मार्गावरून ते देव जाणे. घरी पोचेपर्यंत दोन्ही मुलांचं दोनदा भांडण आणि एकदा समेट झाला होता. हत्तीची गोष्ट मनूने घाटकोपरला सांगितली. तिच्या गोष्टीत हत्ती पोर्तुगिजांनी मुद्दाम पाडला होता.

आईने दार उघडलं, मनूकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘डोकं का खाजवतेस गं? ये इकडे.’’

शाळेतून उवा आल्या होत्या. मी दिवसभर ज्याला चिंतन समजत होतो ते हे.

आईने गॅलरीत चटई टाकली, पुढ्यात जुनं वर्तमानपत्र पसरलं, मनूच्या केसांना खोबरेल चोपडलं आणि तिला दोन गुडघ्यांत धरून फणी चालवायला सुरुवात केली. मी शेजारी पाय चेपत पडलो होतो. फणीतून एकेक उमेदवार कागदावर पडायचा, आईच्या अंगठ्याच्या नखाखाली टच्‌ वाजायचं. आणि मनू बोलत होती. मान खाली घालून, अखंड. तिच्या मैत्रिणीने बाक बदलला ते. खोडरबर चोरीला गेला नव्हता, हिनेच अर्धा खाल्ला होता ते. कविता म्हणताना घशात गोळा आला ते. मी डोंबिवली ते भायखळा जे विचारत होतो, ते सगळं.

‘‘तू लहानपणी आईबरोबर कुठे जायचीस?’’ मनूने विचारलं.

‘‘कुठली जातेय! सहा भावंडं आम्ही, गिरगावात दोन खोल्या. आई एकटीची मिळायची ती दोनदाच. गोवर आला की, नाहीतर ती फणी घेऊन बसली की. आमची कुसुम तर मुद्दाम शेजारच्या मुलींच्या डोक्याला डोकं लावून यायची.’’ टच्‌. ‘‘हल नको.’’

ओम मघापासून दारात उभा होता. मशीन मारून कापलेले त्याचे केस बोटभरसुद्धा नाहीत. तो चटईच्या कडेला येऊन बसला आणि डोकं पुढे करून म्हणाला, ‘‘मलापण खाजतंय.’’

‘‘तुला कसल्या होतायत,’’ आई म्हणाली, पण तिने त्यालाही गुडघ्यांत घेतलं. तेल लावलं. दहा मिनिटं सावकाश फणी फिरवली. कानामागे कुठेतरी एक सापडली.

ओमने कागदाकडे पाहिलं. ‘‘हिच्या चौदा आणि माझी एकच?’’

मनूने कागदावरची सगळी मोजदाद पुन्हा एकदा बोटाने केली. तिला बहुधा दया आली असावी.

‘‘सात-सात करूया,’’ ती म्हणाली. ‘‘उरलेली बाबाची.’’